ओव्हरव्हेल्म्डचं मराठी

रविवारी सकाळी आई ओट्याशी उभी राहून घेवड्याच्या शिरा काढत होती आणि शेंगेगणिक इंग्रजीला नावं ठेवत होती.

“नाकी नऊ आले, याला काय म्हणतात तुझ्या इंग्रजीत?”

रुचा खाली भिंतीला टेकून मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. केडगावहून सकाळच्या एसटीनं ती नुकतीच आली होती. पुण्याच्या एका प्रकाशनासाठी इंग्रजी पुस्तकांची प्रुफं तपासायचं काम ती घरी बसून करायची. आई त्याला ‘दुसऱ्यांच्या वाक्यांच्या वेण्या घालणं’ म्हणायची.

“त्यांच्या नाकाशी नऊ येत नाहीत, आई. ते गळ्यापर्यंत बुडतात. अप टु माय नेक.”

“गळ्यापर्यंतच ना? मग बोलता येतंय की. पुढचा सांग.”

“स्नोड अंडर. बर्फाखाली गाडलं जाणं.”

आईनं शेंग तशीच हातात धरली. “बर्फाखाली? नेवासा तालुक्यात? संस्थेचे आबा म्हणतील, बाई, आमी टँकरसाठी खेटे घालतोय आन् तुमाला बर्फ कुठनं आला?”

पडवीत पेपरामागे बसलेले बाबा हसले. पेपर हलला तेवढाच.

हा सगळा खटाटोप एका अर्जासाठी चालला होता. आई गावातल्या हायस्कुलात मराठी शिकवायची, आयुष्यभर तेच शिकवत आली होती. पण शाळा सेमी-इंग्रजी झाली आणि संस्थेनं यंदा जूनमध्ये फर्मान काढलं, की कार्यालयाशी होणारा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीतच व्हावा. शिपायाच्या रजेपासून मुख्याध्यापकांच्या अहवालापर्यंत. दोन शिक्षक निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. त्यांचे तास आईकडे आले, मग परीक्षा विभाग आला, मग पोर्टलवर मुलांची माहिती भरायचं काम आलं आणि मागोमाग स्नेहसंमेलनही आलं. काम आलं की आई “जमेल” म्हणायची. त्या घरात ‘जमेल’ हा शब्द पाहुण्याला पाणी द्यावं तसा आपोआप पुढे यायचा. रुचाही तो आईकडूनच शिकली होती.

“इन ओव्हर माय हेड असं एक आहे,” रुचा म्हणाली.

“डोक्यावरून पाणी. हे आपलं वाटतं.”

“वाटतं, पण नाही. आपल्याला पोहता येत नाही अशा खोल पाण्यात उतरलो, असा त्याचा अर्थ. वाचणाऱ्याला वाटेल, बाईंना कामच येत नाही.”

“येत नाही कुठं? येतं म्हणून तर गळ्यात घालतात. खोड तो.”

“स्वॅम्प्ड. कामाच्या दलदलीत. पण तो जरा घरगुती आहे. मैत्रिणीला लिहायला ठीक, अर्जात बरा दिसणार नाही.”

“बघ बाई. मेटाकुटीला येणं, घायकुतीला येणं, जेरीस येणं, कंबरडं मोडणं. आमच्याकडे एवढी श्रीमंती आहे आणि तुझ्या साहेबाला अर्जात घालायला एक धड शब्द नाही.”

“आहे. ओव्हरव्हेल्म्ड.”

“उच्चारतानाच दम लागला मला. अर्थ?”

“जुन्या इंग्रजीत व्हेल्म म्हणजे पालथं घालणं. लाट येते आणि नाव पालथी होते ना, तसं. वरून एवढं येतं, की माणूस त्याच्याखाली सापडतो.”

आई खिडकीतून बाहेर बघत होती. शेजारच्या अंगणात लंकाबाई कोंबडीमागे धावत होती. लंकाबाई शाळेतच शिपाई होती, रविवारी मात्र ती कोंबड्यांची मुख्याध्यापिका असायची. तिनं कोंबडी कोपऱ्यात गाठली आणि वेताचं डालं तिच्यावर पालथं घातलं. आतून थोडी फडफड झाली, मग काहीच ऐकू आलं नाही.

“असं?” आईनं विचारलं.

रुचानं मान वर करून पाहिलं. “अगदी असंच.”

“मग हाच. मला हाच पाहिजे.”

“काय पायजे, बाई?” लंकाबाईनं बाहेरून आवाज दिला.

“तुझं डालं!”

“आत्ताच झाकलंय वो! कोंबडी लई द्वाड हाय. दुपारच्याला देते.”

आई हसत हसत हात पुसून रुचाशेजारी येऊन बसली. दोघींनी वाक्य बांधलं. आय ॲम ओव्हरव्हेल्म्ड बाय द रिस्पॉन्सिबिलिटीज द इन्स्टिट्यूशन हॅज प्लेस्ड अपॉन मी. संस्थेनं माझ्यावर टाकलेल्या जबाबदाऱ्यांनी. रुचानं पुढे आणखी एक ओळ घातली, की यातलं काही काम कृपया कमी करावं.

आईनं ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. “ही काढ.”

“अगं, मग अर्ज कशाचा?”

“सांगितलं की पुरे. मागायला लागलं की भीक होते.”

“मागू नकोस. मग सरळ मराठीत जाऊन सांग आबांना, की मला झेपत नाही.”

 आईनं रुचाच्या खांद्यावरचा एक केस उचलून टाकला. “ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. माझ्या सासूबाईंना नाही, तुझ्या बाबांना नाही. मराठीत लाज वाटते गं. इंग्रजीत म्हटलं की अर्ज होतो.”

पडवीतला पेपर हलायचा थांबला होता.

रुचानं ओळ काढून टाकली. दुपारी तिघांनी घेवड्याची भाजी आणि भाकरी खाल्ली. ऊन कलल्यावर आई तिला स्टँडवर सोडायला आली. एसटी उशिरा आली, तोवर आईनं शेजारच्या बाकावरच्या बाईकडून तिच्या सुनेची सगळी हकीकत काढून घेतली. गाडी सुटताना ती खिडकीशी येऊन म्हणाली, “पोचलीस की मिस्ड कॉल दे, उचलणार नाही मी, पोर्टल भरायचंय.”

एवढंच. तो दिवस तेवढाच होता.

सोमवारी मधल्या सुट्टीत आईचा फोन आला. बोलण्याआधी ती बराच वेळ हसतच होती.

“अगं, माझा सत्कार झाला.”

“कसला सत्कार?”

“अर्ज दिला सकाळी हेडमास्तरांकडे, ओंकार सरांकडे. त्यांनी मोबाईलवर धरून त्याचं मराठी केलं. ‘मी भारावून गेले आहे.’ आबा काही कामासाठी आलेच होते. त्यांना इतका आनंद झाला, की म्हणाले, आत्ताच्या आत्ता प्रार्थनेला वाचून दाखवा. कामानं भारावून जाणारी बाई हाय आमच्याकडं! गुलाबाचं फूल दिलं, फोटो काढला.”

“आणि तू गप्प बसलीस?”

“पोरं टाळ्या वाजवत होती गं. काय सांगू त्यांच्यासमोर?” आई पुन्हा हसली, पण या वेळी ते हसू मध्येच आटलं. “आणि ऐक. एवढी भारावलेय म्हणून वाचनालयाचा चार्जही दिला. आजपासून.”

“आई!”

“ओरडू नकोस. मला एक सांग. शब्द बरोबर होता ना?”

“शंभर टक्के बरोबर होता.”

“मग झालं तर,” आई म्हणाली. मागून घंटा वाजली आणि फोन बंद झाला.

शाळा सुटल्यावर आई वाचनालयाच्या खोलीत गेली. कपाटांवरची धूळ झटकता झटकता स्टुलावर बसली, ती उठलीच नाही. खोलीला कुलूप लावायला गेलेल्या लंकाबाईला ती तशी सापडली. कपाटाला डोकं टेकलेलं, मांडीवर फडकं. नेवाशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, बीपी होतं, गोळ्यांची हयगय झाली असावी. रुचानं मान डोलावली. ते खरंच होतं.

माणसं येत राहिली. कोण आईची पंचवीस वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी, कोण पाथर्डीहून आलेली मावससासू. रुचा सगळ्यांना पाणी देत होती, बाबांना वेळेवर जेवायला बसवत होती आणि रडत नव्हती. शेजारच्या बायका त्यावरही बोलल्या. “पुस्तकं वाचून वाचून पोरगी दगड झालीया,” एक जण म्हणाली. रुचानं ऐकलं आणि तिलाही पाणी दिलं.

तिला एकच गोष्ट सहन होत नव्हती. तो फोटो. गुलाबाचं फूल हातात धरलेली, जरा गोंधळून हसणारी आई. खाली कुणीतरी भगव्या अक्षरांत ओळ टाकली होती, ‘मी भारावून गेले आहे.’ गावातल्या सगळ्या ग्रुपांवर तो फिरत होता. भेटायला आलेले लोक तो तिलाच दाखवायचे. शेवटच्या दिवशीसुद्धा बघा कशी भारावलेली. पुण्यवान हो. असं मरण कुणाला येतं!

तेरावा झाल्यावर मुख्याध्यापक ओंकार सर घरी आले. वयानं रुचाच्याच बरोबरीचे, बोलायला मऊ. चहा घेऊन झाला तरी कप हातातच फिरवत राहिले.

“ताई, संस्थेनं ठरवलंय. वाचनालयाला बाईंचं नाव द्यायचं. नगरला ग्रॅनाइटची ऑर्डर टाकलीय. सोनेरी अक्षरं.”

बाबांनी हात जोडले. गेल्या काही दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं.

“खाली बाईंचं ते इंग्रजी वाक्य, आणि त्याखाली मराठी. तुम्ही इंग्रजीच्या जाणकार. एकदा तपासून द्या. एक अक्षर चुकलं तर लोक हसतील. त्या शब्दात एल दोन की एक, इथूनच आमची सुरुवात.” त्यांनी मोबाईल पुढे केला.

रुचानं तो घेतला आणि प्रूफ वाचतात तसं वाचलं, अर्थाकडे न बघता अक्षर अक्षर. वाचनालयाचं नाव, गाव, तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर. मग ते वाक्य. मग मराठी.

“इंग्रजी बरोबर आहे,” ती म्हणाली.

“वा, सुटलो.”

“मराठी चुकलंय.”

ओंकार सर चपापले. “भारावूनचा वू दीर्घच आहे की, ताई.”

“शुद्धलेखन बरोबर आहे, सर. अर्थ चुकलाय.”

“पण मोबाईलनं तर हेच दिलं.”

“मोबाईलचा दोष नाही. तो शब्दच दुतोंडी आहे. सत्कार झाला तरी माणूस ओव्हरव्हेल्म्ड, आणि अंगावर भिंत पडली तरी ओव्हरव्हेल्म्ड. कुठला घ्यायचा, ते शेजारचे शब्द सांगतात. ‘बाय’च्या पुढे काय आहे बघा. प्रेम आहे? कौतुक आहे?”

“जबाबदाऱ्या,” सर म्हणाले.

“जबाबदाऱ्यांनी कोण भारावून जातं?”

सरांनी कप खाली ठेवला. “आम्हाला वाटलं… बाई भारावतील.”

त्यांना तसं खरंच वाटलं होतं. वाईट वाटायचं ते याचंच, रुचाच्या मनात आलं. इतक्या वर्षांत कुणाला दुसरं काही वाटायला आईनं जागाच ठेवली नव्हती. पण आईनं सांगायचं ठरवलं तो एक दिवस होता, आणि त्या दिवशी तिनं शब्द बरोबर निवडला होता. तो आता दगडावर उलटा कोरला जाणार होता.

“सर, मराठी ओळ बदला. नाहीतर वाक्यच काढा.”

“मी आबांशी बोलतो,” सर म्हणाले. ते बोलतील, पण त्यांच्यानं काही होणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी आबा स्वतःच आले. संस्थेचे अध्यक्ष बजरंग आबा. शाळेची पहिली खोली त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या जमिनीत बांधली होती, आणि हे गावात कुणी विसरत नसे, आबा तर नाहीच. पडवीत बसून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“पोरी, मेलेल्या मानसाचं चांगलं सांगावं.”

“सांगा की, आबा. पण तिनं सांगितलेलं सांगा.”

“म्हंजे आमी खोटं कोरतोय?”

“चुकीचं कोरताय.”

“बरं, मग तुमचं बरोबर काय? संस्थेनं काम दिलं म्हनून बाई गेल्या, असं लिवू का दगडावर?”

“तसं मी म्हणत नाही. ती बीपीनं गेली. ती काय म्हणाली होती, तेवढंच मी म्हणतेय.”

“कामानं मानूस मरत न्हाई, ताई. आमच्या बापानं दिवसाला दोन मोटा हाकल्या.”

“त्यांनी कधी अर्ज केला होता का, मोट झेपत नाही म्हणून?”

आबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “तुमी लई शिकल्या, ताई.”

“आईनंच शिकवलं.”

“दगड कोरून झालाय. परवा शोकसभेला पडदा सारायचा.” त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. “दगडाला खोडरबर नसतंय.”

ते गेल्यावर बाबांनी अंगणाचं फाटक लावून घेतलं. मग म्हणाले, “रुचा, राहू दे गं. नाव लागतंय तिचं. जन्मभर राबली, कुठं नाव लागलं नाही. आता लागतंय तर त्यात कशाला खोट काढतेस?”

“बाबा, तुम्ही पडवीतच होतात त्या दिवशी.”

“होतो.”

“ऐकलं होतंत ना?”

बाबांनी मान डोलावली. “तिनं कधी रडगाणं गायलं नाही. आता ती गेल्यावर लोकांनी म्हणायचं, बाई कुरकुरत गेल्या? ते मला नको आहे.”

“थकले म्हणणं म्हणजे रडगाणं नव्हे, बाबा.”

“आपल्याकडे तसंच समजतात.”

“म्हणून तर तिला इंग्रजी शोधावं लागलं,” रुचा म्हणाली.  ती आत गेली आणि भांडी घासू लागली. घासलेलीच भांडी तिनं पुन्हा घासली.

शोकसभा वाचनालयाच्याच लांब खोलीत होती. पुढे सतरंजीवर दहावीचा वर्ग, मागे खुर्च्यांवर गाव. भिंतीवर दगड बसवलेला, त्यावर पिवळा पडदा. शेजारी जुना फळा तसाच होता आणि त्याखाली ते स्टूल. ते कुणीतरी हलवायला हवं होतं, पण हलवलं नव्हतं. बाबा पहिल्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

भाषणं झाली. आबा चांगलं बोलायचे, त्या दिवशीही बोलले. बाईंनी त्यांच्या नातवाला शुद्धलेखन कसं शिकवलं ते सांगताना त्यांनी टोपी काढून डोळे पुसले, आणि ते नाटक नव्हतं. मग त्यांनी पडदा सारला. “असा शिक्षक होने न्हाई! दिलेल्या कामानं जो भारावतो, तो खरा सेवक. दगडावर लिवलंय, पोरांनो, वाचा आन् शिका.” टाळ्या वाजल्या. सोनेरी अक्षरं नवीकोरी, चकचकीत. भारावूनचा वू दीर्घ होता.

ओंकार सरांनी माईक घेतला. ते रुचाकडे न बघताच म्हणाले, “आता बाईंच्या कन्या आभाराचे दोन शब्द बोलतील.”

रुचा उठली. माईक हातात घेऊन आधी तिनं खरंच आभार मानले, नाव दिल्याबद्दल. मग ती मुलांकडे वळली.

“दहावी. वाक्प्रचार झालेत?”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. शोकसभेत प्रश्न विचारतात हे त्यांना माहीत नव्हतं.

“झालेत,” दोघं-तिघं पुटपुटले.

“मग सांगा. एका माणसावर इतकं काम पडलंय, की त्याखाली तो दबून गेलाय. त्याच्यासाठी वाक्प्रचार?”

 मागून एक मुलगा म्हणाला, “मेटाकुटीला येणे.”

“अजून?”

“नाकी नऊ येणे!”

“जेरीस येणे!”

“घायकुतीला येणे! कंबरडे मोडणे!” आता चढाओढ लागली. आईनं त्यांच्याकडून हे सगळं इतकं घोटून घेतलं होतं, की कुठं बसलोय तेही मुलं विसरली. खोलीत आईचा तास भरला होता.

“आणि भारावून जाणे? ते चालेल?”

“नाही!” पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी ताडकन म्हणाली. “ते सत्काराला. बाईंनी मार्क कापले असते…” तिची नजर दगडावर गेली आणि वाक्य तोंडातच राहिलं. पाठोपाठ सगळ्या वर्गाची नजर तिकडे गेली.



“ताई,” आबा खुर्चीतून म्हणाले, “हे आभार हायेत का वर्ग?”

“वर्गच आहे, आबा. बाईंच्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही.”

मागच्या बाजूला कुणीतरी फुसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

रुचानं खडू उचलला आणि फळ्यावर तो इंग्रजी शब्द लिहिला, एल एकच. “हा शब्द माझ्या आईनं निवडला. मी तिच्याजवळ बसले होते. मी तिला बरेच शब्द सुचवले, तिनं सगळे नाकारले. बर्फाचा नाकारला, कारण आपल्याकडे बर्फ पडत नाही. खोल पाण्याचा नाकारला, कारण तिला काम येत होतं. हा घेतला, कारण याचा अर्थ पालथं घालणं. लंकाबाई, तुमच्या डाल्याखाली कोंबडी असते ना?”

दाराशी उभ्या असलेल्या लंकाबाईनं पदर सावरला. “व्हय, असती की.”

“ती भारावते का हो?”

“कशाची भारावती! धडपडती बिचारी. मग गप बसती.”

“ती गप्प बसली म्हणून तिला फूल देतो का आपण?”

 लंकाबाईनं पदर तोंडाला लावला.

आबा उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. “ताई, आमी मान दिला. गावानं मान दिला. त्यात तुमी असं…”

“मान दिलात, आबा. आईनंही तुम्हाला मान दिला होता. जून महिन्यात फर्मान आलं, इंग्रजीत लिहा. तिनं लिहिलं. ऐकून घ्यायचं काम मात्र तुमचं होतं.” रुचानं खडू खाली ठेवला. “दगड काढा असं मी म्हणत नाही. इंग्रजी ओळ राहू द्या, ती तिची आहे आणि बरोबर आहे. फक्त मराठी ओळ खोडा. खोडरबर नसेल तर छिन्नी आणा. पण आईच्या नावाखाली मराठी चुकीचं राहणार नाही. मराठीच्या बाईच्या नावाखाली तर नाहीच. खोडलं नाहीत, तर रोज इथे येऊन मी मुलांना ही चूक दाखवेन.”

“आन् त्या जागी काय लिवायचं?” आबांनी विचारलं. रागानं विचारलं, पण विचारलं खरं. “हे मेटाकुटी का काय ते? सांगा. लिवून घेतो.”

रुचानं तोंड उघडलं आणि ती थांबली.

मेटाकुटीला, जेरीस, घायकुतीला. सगळे शब्द फळ्यासमोर हजर होते आणि त्यातला एकही आईचा नव्हता. ते आई मुलांना द्यायची, स्वतःसाठी कधी वापरायची नाही. आईचं त्याला एकच मराठी होतं. ते तिनं सासूला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आणि लाज वाटते म्हणून परक्या भाषेच्या आडोशाला जाऊन ठेवलं होतं. त्या घरात ते कुणीच कधी उच्चारलं नव्हतं. रुचानंही नाही. आईला अग्नी दिला त्या दिवशी नाही, बाबांचं ताट वाढताना नाही, कुणी विचारलं तेव्हा नाही. कुणी विचारलं की ती म्हणाली होती, जमेल.

तिनं बाबांकडे पाहिलं. त्यांच्या हातात आज पेपर नव्हता. ते सरळ तिच्याकडे बघत होते. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. नको म्हणून की बोल म्हणून, ते तिला कळलं नाही. मग ते खुर्चीच्या दांड्याला धरून उठले आणि उभेच राहिले.

“तीनच शब्द आहेत, आबा,” रुचा म्हणाली. “लिहून घ्या.”

ओंकार सरांनी खरोखरच खिशातून पेन काढलं.

“मला झेपत नाही.”

आईचं वाक्य म्हणून तिनं ते म्हटलं होतं. पण तोंडातून निघालं तेव्हा ते फक्त आईचं उरलं नव्हतं.  डोळ्यांसमोरचा फळा, दगड आणि बाबांचा इस्त्रीचा सदरा, सगळं पाण्यात गेलं. कुणीतरी तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. ती बसली नाही. तिनं माईक बाजूला ठेवला. आता लोकांना ऐकू जायची गरज नव्हती.

“आई गेली,” ती म्हणाली. “मला झेपत नाही.”